मोटरसायकलवर रेडिओ बसवताना: किनाऱ्यावरच्या नवख्यांसाठी

दोन-तीन गाड्या मिळून कोकणात फिरायला निघालं की एक अडचण हमखास येते. सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, असेपर्यंत मोबाइलला रेंज असते आणि गाडी खाडीच्या उताराला लागली की ती जाते. पुढचा धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत उभा, मागच्याची चेन उतरलेली, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. ही झाली सहलीतली गोष्ट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हाही माणसं माणसांना शोधत होती आणि फोन लागत नव्हते. त्यानंतर मी हॅम, म्हणजे हौशी, रेडिओची परीक्षा दिली आणि गाडीवर सेट बसवला. तो अजून आहे.

ज्यांच्याकडे दीडशे ते साडेतीनशे सीसीची साधी गाडी आहे, बॅटरीची तार सोडवून परत जोडण्याइतकी सवय आहे, पण रेडिओ कधी बसवलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. नवीन माणूस कुठला सेट घ्यावा यात महिना घालवतो आणि तारा, कनेक्टर, टेप हे सगळं निघायच्या आदल्या संध्याकाळी उरकतो. इथल्या खाऱ्या हवेत हे नेमकं उलट करायला हवं. गेल्या काही वर्षांत माझे आणि मित्रांचे जेवढे सेट बंद पडले, त्यांतल्या बहुतेकांचा दोष सेटमध्ये नव्हता, जोडात होता.

आधी कागद

परवान्याशिवाय चालतात असे वॉकीटॉकी भारतात मिळतात. ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणि अगदी कमी शक्तीवर चालतात, आणि त्यांचा अँटेना सेटलाच पक्का असतो. दोन गाड्या एकमेकींच्या नजरेत असतील तर तेवढं पुरतं. असा सेट घेणार असाल तर त्याला बाहेरचा अँटेना जोडायच्या भानगडीत पडू नका. तुमचं काम खिसा, हेडसेट आणि बटण एवढ्यावर संपतं. घेताना त्यावर सरकारी मान्यता, म्हणजे ईटीए, आहे का ते बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा प्रत्येक सेट कायदेशीर असतोच असं नाही. मान्यता नसलेल्या वॉकीटॉकींच्या विक्रीवरून २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारांवर कारवाईसुद्धा झाली.

गाडीवर खरा अँटेना लावून पाच वॉट किंवा त्याहून जास्त शक्तीने बोलायचं असेल तर हॅमचा परवाना हवा. तो केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते आणि अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षेला बसता येतं. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या, ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) लागत नाही. रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम एवढ्यावर प्रश्न येतात, महिना-दोन महिने रोज थोडं वाचलं तरी जमतं. परवाना मिळाला की व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं तुमचं ओळखनाव, मिळतं. आपल्याकडे हॅमसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा व्हीएचएफ पट्टा आहे आणि मोटरसायकलवर तोच सोयीचा पडतो. परवान्यावरच्या अटी नीट वाचा, विशेषतः चालत्या वाहनातून वापरण्याबद्दलच्या, आणि त्याची प्रत गाडीच्या कागदांसोबत ठेवा. सागरी चौकीवर अँटेना दिसला की विचारणा होते, आणि ती व्हायलाच हवी.

आणखी दोन गोष्टी किनाऱ्यावरच्या माणसाला सांगणं मला गरजेचं वाटतं. हॅमच्या पट्ट्यापासून थोडंच वर, १५६ मेगाहर्ट्झपासून पुढे, बोटींचा सागरी व्हीएचएफ सुरू होतो. त्यातलं १५६.८, म्हणजे चॅनल १६, संकटात सापडलेल्या बोटीचं आहे. हातातल्या सेटवर तो आकडा टाइप करता आला म्हणून तिथे बटण दाबायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. दुसरं, हॅम परवाना धंद्यासाठी नाही. पैसे घेऊन पर्यटकांच्या गाड्यांचे ताफे नेणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये.

सेट

यावर फार लिहीत नाही. पहिल्यांदा पाच वॉटचा हातातला सेट घ्या आणि तो टाकीवरच्या बॅगेत ठेवा. तो गाडीवरून काढून घरी नेता येतो, भिजत नाही, चोरीला जात नाही, आणि गाडी बंद पडली तरी स्वतःच्या बॅटरीवर चालतो. वादळाच्या दिवसांत या शेवटच्या गुणाची किंमत कळते. पंचवीस वॉटचा, हँडलजवळ कायमचा बसवायचा सेट दुसऱ्या वर्षी घ्या, घ्यावासा वाटला तर. पाणी-धूळ रोखण्यासाठी आयपी६७ दर्जाचा सेट असला तर उत्तम.

बॅटरी आणि तार

कामाला लागण्याआधी मल्टिमीटर आणा. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर बॅटरी चांगली. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीकडे बघा. मग गाडी चालू करून थोडा थ्रॉटल द्या. १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारं आरआर युनिट खराब आहे, आणि ते बदलेपर्यंत रेडिओ जोडू नका, सेट जळेल. थ्रॉटल दिल्यावरही १३ गाठत नसेल तर चार्जिंगचा दोष आहे, तो मेकॅनिककडून काढून घ्या.

आता हिशेब. पंचवीस वॉटचा सेट बोलताना साधारण पाच-सहा अँपिअर ओढतो, म्हणजे सत्तर-ऐंशी वॉट. लहान गाडीची चार्जिंग कॉइल जी वीज बनवते त्यातलं बरंचसं हेडलाइट, इग्निशन आणि ब्रेकलाइटलाच जातं. त्यात तुम्ही आधीच दोन एलईडी आणि मोबाइलचा चार्जर लावलेला असेल तर रात्री घाटात बॅटरी उतरत जाते. पाच वॉटचा सेट बोलताना दीड-दोन अँपिअरच घेतो, त्याचं ओझं वाटत नाही. लहान सेट घ्या म्हणण्याचं हेही एक कारण आहे.

हातातल्या बहुतेक सेटची बॅटरी ७.४ व्होल्टची असते. त्याला गाडीचे बारा व्होल्ट थेट दिले तर सेट गेला. त्याच मॉडेलचा बॅटरी एलिमिनेटर मिळतो. तो बॅटरीच्या जागी बसतो आणि आतून व्होल्टेज कमी करून देतो. तोच वापरा.

जोडणीचा क्रम असा ठेवा. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. रेडिओची पॉझिटिव्ह तार थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून घ्या आणि टर्मिनलपासून एका वितीच्या आत फ्यूज बसवा, हातातल्या सेटला ३ अँपिअरचा, पंचवीस वॉटच्या सेटला १० चा. फ्यूज रेडिओजवळ ठेवून उपयोग नाही. तार घासून फ्रेमला लागते ती सीटखाली, आणि फ्यूज त्याच्या पुढे असेल तर आग थांबत नाही. रेडिओची निगेटिव्ह तारसुद्धा बॅटरीपर्यंत न्या. फ्रेमच्या कुठल्यातरी बोल्टवर अर्थिंग घेतलं तर पहिल्या पावसाळ्यानंतर त्या बोल्टखाली गंज धरतो आणि सेट मध्येच बंद-चालू व्हायला लागतो. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह जोडा.

जुन्या गाडीच्या हेडलाइटच्या तारेवरून कधीही वीज घेऊ नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती तार कॉइलवरून थेट येते आणि तिच्यात एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज असते, बॅटरीसारखी एका दिशेची नाही.

किल्ली बंद केल्यावर सेटही बंद व्हावा असं वाटत असेल तर चार टोकांची साधी रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, लावा. तिच्या टोकांना आकडे असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ वर रेडिओ, ८५ निगेटिव्हला, आणि ८६ ला किल्ली दिल्यावर जिवंत होणारी कुठलीही तार, उदाहरणार्थ मागच्या दिव्याची. त्या तारेवर दाबून बसवायचे निळे-लाल क्लिप कनेक्टर मिळतात. पुण्यात ते चालत असतील, इथे नको. ते तारेचं आवरण चिरतात आणि त्या चिरेतून खारं पाणी आत शिरतं. थोडं आवरण सोलून तार गुंडाळा, सोल्डर करा आणि आतून गोंद असलेली हीट स्लीव्ह चढवून गरम करा.

तारेबद्दलही थोडं. हातातल्या सेटला दीड आणि मोठ्या सेटला अडीच चौरस मिलिमीटरची, बारीक धाग्यांची तार घ्या. मिळाली तर कथिलाचा मुलामा दिलेली घ्या, तिचे धागे लाल न दिसता चंदेरी दिसतात. मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदराजवळ बोटींची वायरिंग करणाऱ्या माणसाकडे विचारा. खाऱ्या पाण्यात कुठली तार टिकते हे त्याला कुठल्याही मोटरसायकल मेकॅनिकपेक्षा जास्त माहीत असतं.

अँटेना

अँटेनाची लांबी रेडिओलहरीच्या लांबीवरून मोजतात. चारचाकीवर पाव लांबीचा, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला साधारण ४९ सेंटिमीटरचा अँटेना छान चालतो, कारण त्याच्याखाली छपराचा पत्रा असतो. तो पत्रा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असल्यासारखं काम करतो. मोटरसायकलवर तो नाही. मडगार्ड प्लास्टिकचं, सीट रेक्झिनची. त्यामुळे चारचाकीसाठीचा अँटेना आणून कॅरिअरवर लावला की तो निम्म्यानेही चालत नाही आणि माणूस सेटला दोष देतो. गाडीसाठी अर्ध्या लांबीचा, म्हणजे साधारण एक मीटरचा अँटेना घ्या. त्याला खाली पत्रा लागत नाही. घेताना दुकानदाराला ‘हाफ वेव्ह, विदाऊट ग्राउंड प्लेन’ असंच सांगा.

तो मागच्या कॅरिअरच्या कोपऱ्यावर, स्टेनलेस स्टीलच्या तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर बसवा. अॅल्युमिनियमची पट्टी आणि लोखंडी बोल्ट ही जोडी किनाऱ्यावर टिकत नाही, वर्षभरात पांढरी भुकटी होऊन पट्टी खाल्ली जाते. बुडाला स्प्रिंग असलेला अँटेना बरा, कारण वाडीतल्या रस्त्यांवर आंब्या-काजूच्या फांद्या हेल्मेटला लागतील इतक्या खाली आलेल्या असतात. मागे माणूस बसणार असेल तर अँटेना त्याच्या पाठीला टेकणार नाही इतका दूर घ्या, आणि मोठा सेट असेल तर तेव्हा शक्ती कमी ठेवा. बोलत असताना उघड्या अँटेनाला हात लागला तर भाजतं.

अँटेनाची केबल आरजी-५८ जातीची चालते. कॅरिअरपासून टाकीपर्यंत दोन मीटर पुरते आणि एवढ्याशा लांबीत फारसं काही वाया जात नाही. ती सायलेन्सरपासून लांब न्या, इग्निशन कॉइलला चिकटवू नका, आणि सीट बसवताना बिजागरीत दबत नाही ना ते हाताने चाचपून बघा. हातातल्या सेटचा अँटेना जोडायचा एसएमए कनेक्टर नाजूक असतो. त्याला जाड केबल लटकवली तर खड्ड्यांच्या रस्त्यावर तो सेटच्या आत सुटतो. मध्ये वीतभर बारीक केबलचा तुकडा घाला.

मग मीटर लावून एसडब्ल्यूआर मोजा. सेटने पाठवलेली किती शक्ती अँटेनाकडून परत येते ते हा आकडा सांगतो. गाडी उघड्यावर, भिंतीपासून लांब, आणि तुम्ही स्वतः सीटवर बसलेले. रस्त्यावर तुम्ही गाडीवर असणारच आहात, त्यामुळे रिकाम्या गाडीचं माप उपयोगाचं नाही. १४४, १४५ आणि १४६ अशा तीन ठिकाणी, मोकळी फ्रिक्वेन्सी बघून आणि आपलं कॉलसाइन सांगून, कमी शक्तीवर बटण दाबा. दीडच्या आत काटा राहिला तर शंभरातली चारच वॉट परत येतात, काही करू नका. दोनपर्यंत चालवून घेता येतं. तीन म्हणजे पाव भाग परत येतोय, तिथे बोलणं थांबवा आणि जोड तपासा. काटा १४४ ला सगळ्यात खाली आणि १४६ ला चढत असेल तर अँटेना लांब आहे. बुडाचा स्क्रू ढिला करून दोन-तीन मिलिमीटर आत सरकवा आणि पुन्हा मोजा. अर्ध्या लांबीच्या अँटेनात एक मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण सात मिलिमीटर. घाईने कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

आता माझ्या पहिल्या पावसाळ्याची गोष्ट. अँटेनाच्या बुडाशी कनेक्टर होता आणि त्यावर मी साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, चांगली सहा-सात वेढे. जूनमध्ये दाभोळच्या फेरीबोटीतून उतरून अंजनवेलकडे निघालो तर मित्राला माझा आवाज येईना. मला त्याचं ऐकू येत होतं, तेही खरखरत. मीटर लावला तर काटा तीनच्या पुढे. रस्त्याच्या कडेला टेप सोडली. आतून बोटाला चिकट, गढूळ पाणी लागलं. कनेक्टर उघडला तर पितळेच्या भांड्यात राहिलेलं ताक कळकतं तसा हिरवा कळंक केबलच्या आतल्या तांब्याच्या जाळीवर चढलेला. केबल चार बोटं कापली, जाळी काळी. आणखी चार बोटं कापली, तरी काळी. पाणी वातीतून तेल चढावं तसं जाळीतून वर चढत गेलं होतं. वीतभर कापल्यावर स्वच्छ तांबं दिसलं. त्या दिवशी मला टेपचं काम कळलं.

ते असं करा. कनेक्टर घट्ट करा. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप, जिला सेल्फ अमाल्गमेटिंग म्हणतात, ती ताणून निम्मी रुंद करा आणि खालून वर गुंडाळत जा, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा. कौलं वळचणीकडून आढ्याकडे शाकारतात तसंच. वरून आलेलं पाणी वेढ्यांवरून ओघळून जातं, फटीत शिरत नाही. वरून सुरू करून खाली आलात तर प्रत्येक वेढ्याचा ओठ पावसाकडे उघडा राहतो. रबर टेप उन्हाने चिरते म्हणून तिच्यावर साधी काळी टेप, तीही खालून वर. आणि केबल कनेक्टरपासून निघाली की आधी तिला खाली एक झोळ द्या, मगच सीटकडे न्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं. बॅटरीच्या टर्मिनलवर आणि फ्यूजच्या पात्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

हेल्मेट आणि बटण

बोलायचं बटण डाव्या हँडलवर, मूठ न सोडता अंगठा पोचेल तिथे. सेट हातात घेऊन चालत्या गाडीवर बोलायचं नाही, कधीच. आवाजाने आपोआप सुरू होणारी व्हॉक्सची सोय बंद ठेवा. समुद्राकडून वारा आला की ती तुमच्या वतीने सतत बोलत राहते आणि बाकीच्यांचा मार्ग अडतो. बटणाची तार क्लच केबलसोबत बांधण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, तार कुठेही ताणता कामा नये.

हेल्मेटमधला स्पीकर कानाच्या अस्तराखाली जी जागा असते तिथेच बसवा. जागा कमी पडली म्हणून आतला थर्माकोल कोरू नका. अपघातात डोकं वाचवतो तो तोच. मायक्रोफोन ओठांपासून एका बोटावर, फोमची टोपी घालून. स्पीकर एकाच कानाला ठेवावा असं माझं मत आहे. अरुंद वळणावर मागून एसटीचा हॉर्न वाजला तर तो दुसऱ्या कानाला ऐकू यायला हवा. हेल्मेटपासून निघणाऱ्या तारेला ओढल्यावर सहज सुटणारा जोड हवा. गाडी घसरून तुम्ही एकीकडे आणि ती दुसरीकडे गेली तर मानेला तार राहू नये.

खरखर

गाडी चालू केल्यावर शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि थ्रॉटलबरोबर चढत असेल, तर तो चार्जिंगचा. टकटक असेल तर स्पार्क प्लगचा. अँटेनाची केबल काढून फक्त ऐका, बटण दाबू नका. आवाज तसाच राहिला तर तो विजेच्या तारेतून येतोय. दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन थेट बॅटरीपर्यंत नेल्या की बहुतेक वेळा थांबतो. केबल काढल्यावर गेला तर प्लग बघा. नंबरमध्ये आर हे अक्षर असलेला, रेझिस्टर असलेला प्लग त्याच उष्णतेच्या आकड्यात बसवा.

रस्त्यावर

व्हीएचएफ सरळ रेषेत जातो, जमिनीच्या गोलाईपलीकडे किंचितच वाकतो. हिशेब सोपा आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१ ने गुणा, तेवढे किलोमीटर. दीड-दीड मीटर उंचीच्या दोन अँटेनांना सपाटीवर दहा किलोमीटर मिळतात. एक गाडी शंभर मीटरच्या सड्याच्या कडेला असेल तर हीच मर्यादा पंचेचाळीसच्या वर जाते. पण मध्ये जांभ्याचा डोंगर आला तर दोन किलोमीटरही पोचत नाही. आंबा घाटात, कुंभार्लीत एका वळणामागे माणूस हरवतो. म्हणून तीन गाड्या असतील तर मधल्याने उतार सुरू होण्याआधी माथ्यावर थांबावं. त्याला दोघंही ऐकू येतात आणि तो इकडचा निरोप तिकडे देतो. पुढच्याने खाली पोचल्याचं सांगितलं की मगच मधल्याने निघायचं.

बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. कॉलसाइन सांगा, थोडक्यात बोला, ‘ओव्हर’ म्हणा आणि बटण सोडा. ‘पुलानंतर वाळू, डावीकडे’ एवढं पुरतं.

वळीव गडगडायला लागला आणि तुम्ही उघड्या सड्यावर असाल तर बोलणं बंद करून आधी खाली, वस्तीत उतरा. सड्यावर झाड नसतं, त्यामुळे मीटरभर अँटेना लावलेला माणूस तिथला सगळ्यात उंच असतो.

किनाऱ्यावरून फिरून आल्यावर अँटेना, पट्टी आणि बटण गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. मेअखेरीस, पाऊस लागायच्या आधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा एसडब्ल्यूआर मोजून वहीत लिहा. मागच्या आकड्यापेक्षा काटा चढलेला दिसला तर टेप सोडून बघा. आत ओल आणि हिरवेपणा असेल तर नुसती टेप बदलून भागत नाही, स्वच्छ तांबं लागेपर्यंत केबल कापून नवा कनेक्टर लावावा लागतो. त्यासाठी पहिल्यांदा केबल घेतानाच अर्धा मीटर जास्त घ्या आणि ती सीटखाली सैल वेटोळं करून ठेवा.